जुन्या यंत्रांवर नवा जीसीसी सोर्सपासून बांधताना : तीन प्रयत्न फसले, पुढे काय करावे?

खानापूर_लॅब

नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळेची देखभाल माझ्याकडे आहे. आमच्याकडे आठ यंत्रे आहेत. प्रत्येकात दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि उबुंटू १८.०४ आहे. तिच्यासोबत येणारा जीसीसी ७ हा कंपायलर (प्रोग्रामचा मजकूर यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्राम) सी प्लस प्लसचे २०२० चे प्रमाण ओळखत नाही, आणि यंदा शिकवणाऱ्या मॅडमना तेच प्रमाण वापरायचे आहे. नवी उबुंटू टाकावी हे मलाही सुचले होते, परंतु या यंत्रांना जोडलेल्या एका जुन्या प्रशिक्षण-संचाचा ड्रायव्हर याच कर्नलवर, म्हणजे उबुंटूच्या याच गाभ्यावर चालतो, आणि तो संच बदलणे माझ्या हातात नाही. म्हणून जीसीसी १३ सोर्सपासून, म्हणजे त्याच्या मूळ मजकुरापासून, बांधायचे ठरवले.

पहिल्यांदा सोर्स सोडवून त्याच फोल्डरात बांधणीची पूर्वतयारी करणारे कॉन्फिगर चालवले, तेव्हा जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या लायब्रऱ्या सापडत नाहीत अशी तक्रार आली. डिस्कवर जागा कमी असल्याने मी सगळा पसारा पेन ड्राइव्हवर हलवला आणि त्या लायब्रऱ्या आणणारी स्क्रिप्ट चालवली, तर ती मध्येच थांबली. दुसऱ्या वेळी डिस्कवर जागा करून सुरुवात केली. तीन तासांनी ‘सीसी१प्लस’ हा प्रोग्राम ‘किल्ड’ झाल्याचा संदेश आला आणि प्रत्यक्ष बांधणी करणारे मेक थांबले. तिसऱ्या वेळी मेक पुन्हा चालवले, काम चांगले पुढे गेले, आणि संध्याकाळच्या पावसात वीज गेली. वीज आल्यावर मेक सुरू केले, तर कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर म्हणतो की एक ऑब्जेक्ट फाइल ओळखता येत नाही, ती अपुरी आहे. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी की आहे त्यातूनच मार्ग काढावा? मुख्य म्हणजे, यंत्रावरच्या मूळ कंपायलरला धक्का लागता कामा नये.

उद्यमबागकर

सर, आपण केलेल्या चुका आम्ही सर्वांनी कधी ना कधी केलेल्या आहेत, त्यामुळे संकोच नको. या धाग्यावर आपण आज्ञाही देवनागरीत लिहितो, तरी टंकताना त्या रोमन लिपीतच टंकायच्या आहेत, हे नवीन वाचकांसाठी आधीच सांगून ठेवतो.

पेन ड्राइव्हचा प्रश्न सोपा आहे. बाजारात मिळणारा पेन ड्राइव्ह बहुधा फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, आणि या फाइलपद्धतींत सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नेणारी नावे) करता येत नाहीत. लायब्रऱ्या आणणारी ती स्क्रिप्ट, जिचे नाव ‘डाउनलोड प्रीरिक्विझिट्स’ असून जी सोर्समधील ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरात असते, ती जीएमपी वगैरेंचा सोर्स आणून सोडवते आणि त्यांना आवृत्तीच्या आकड्याशिवायच्या नावांनी सिमलिंक करते. तेथेच आपली गाडी अडली. बांधणी नेहमी लिनक्सच्या स्वतःच्या फाइलपद्धतीवर, म्हणजे ईएक्सटी४ किंवा तत्सम विभागावर करावी, आणि ज्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे, उदाहरणार्थ ‘नवीन फोल्डर’, त्यात करू नये. मेकच्या दृष्टीने मोकळी जागा म्हणजे एक नाव संपून दुसरे सुरू होणे, त्यामुळे तेथे काय तुटेल याचा नेम नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कॉन्फिगर सोर्सच्या फोल्डरात चालवणे. इतर अनेक प्रकल्पांत ते खपते. जीसीसीच्या कागदपत्रांत मात्र बांधणीसाठी वेगळा फोल्डर घ्यावा असे स्पष्ट सांगितलेले आहे. सोर्स एकीकडे, रिकामा ‘बिल्ड’ फोल्डर दुसरीकडे, आणि त्या रिकाम्या फोल्डरात उभे राहून सोर्समधील कॉन्फिगरला हाक मारायची. याचा फायदा असा की काही बिघडले तर बिल्ड फोल्डर पुसून टाकता येतो आणि सोर्स जसाच्या तसा स्वच्छ राहतो.

आता कॉन्फिगरला काय सांगायचे. ‘प्रीफिक्स’ या पर्यायाने स्थापना कोठे करायची ते ठरते. आपण काहीच सांगितले नाही तर ती ‘यूएसआर लोकल’मध्ये होते, आणि तेथील ‘बिन’ फोल्डर पाथमध्ये (आज्ञा ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्यांच्या यादीत) सहसा आधी येत असल्याने यंत्रावरचा मूळ कंपायलर झाकला जातो. आपण ‘ऑप्ट’ फोल्डरात ‘जीसीसी-१३’ असा स्वतंत्र फोल्डर करा, त्याची मालकी एकदाच आपल्या खात्याकडे द्या, आणि प्रीफिक्स म्हणून तोच सांगा. मग मेक इन्स्टॉलला सूडोची, म्हणजे रूट या प्रशासक खात्याच्या अधिकाराची, गरजच पडत नाही. रूट नसलेला प्रोग्राम यूएसआरमधील कशाचेही वाकडे करू शकत नाही, त्यामुळे आपली शेवटची अट आपोआप पाळली जाते, आणि पुढे नको झाले तर तो एकच फोल्डर पुसला की काम संपते. भाषांच्या यादीत फक्त सी आणि सी प्लस प्लस द्या; नाहीतर फोर्ट्रानसारख्या न लागणाऱ्या भाषाही बांधल्या जातील. ‘डिसेबल मल्टिलिब’ द्या, कारण ६४ बिटांच्या यंत्रावर ३२ बिटांचे हेडर (लायब्ररी वापरून काही बांधताना लागणाऱ्या फाइली) नसतील तर बांधणी अडते. आणखी एक, ‘प्रोग्राम सफिक्स’ म्हणून ‘-१३’ द्या. त्यामुळे नवा कंपायलर ‘जी प्लस प्लस-१३’ या नावाने हाक मारली तरच येईल. आपल्याकडे ड्रायव्हर आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो: कर्नलचे मॉड्यूल कर्नल ज्या कंपायलरने बांधला त्याच्याशी जुळणाऱ्या कंपायलरनेच बांधावे, आणि कधीतरी ड्रायव्हर पुन्हा बांधायची वेळ आली तर नुसत्या ‘जीसीसी’ या नावाला जुना सातच मिळायला हवा.

जीसीसी १३ बांधायला सी प्लस प्लस ११ समजणारा कंपायलर पुरतो, त्यामुळे आपल्याकडचा जीसीसी ७ त्यासाठी चालेल.

खानापूर_लॅब

मनःपूर्वक आभार. एक शंका आहे. तीन तासांत मी तोच-तोच भाग पुन्हा कंपाइल होताना पाहिला. हे माझ्या चुकीमुळे झाले का?

उद्यमबागकर

नाही, ते तसेच असते. जीसीसी साधारणपणे तीन टप्प्यांत बांधला जातो. पहिल्या टप्प्यात यंत्रावरचा जुना कंपायलर नवीन सोर्स कंपाइल करतो. दुसऱ्या टप्प्यात त्यातून निघालेला नवा कंपायलर तोच सोर्स पुन्हा कंपाइल करतो. तिसऱ्या टप्प्यात दुसऱ्यातून निघालेला कंपायलर आणखी एकदा तेच करतो, आणि मग दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फाइली ताडून पाहिल्या जातात. त्या जुळल्या नाहीत तर बांधणी चुकली असे समजून काम थांबते. पहिला आणि दुसरा टप्पा ताडण्यात अर्थ नसतो, कारण पहिल्याचा यंत्रसंकेत जुन्या कंपायलरच्या हातचा आहे. तो वेगळा निघणारच.

मी संगणकाकडे वळण्याआधी आमच्या उद्यमबागेतील वर्कशॉपमध्ये वडिलांबरोबर काम करत असे, त्यामुळे मला हे सरफेस प्लेटच्या भाषेत लवकर कळले. खरी सपाट प्लेट मुळात कोठून आणायची? दोन प्लेट एकमेकींवर ब्लू (खूण पाडणारा निळा रंग) लावून घासल्या तर त्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात, परंतु एक खोलगट आणि दुसरी फुगीर असली तरीही जुळतातच. म्हणून जुने कारागीर तीन प्लेट घेत आणि आळीपाळीने प्रत्येक जोडी घासत. तिन्ही जोड्या जुळल्या तरच सपाटपणा खरा. जीसीसीच्या तीन टप्प्यांचे गणित हुबेहूब तेच नाही, तरी वृत्ती तीच आहे: ज्या हत्याराने मोजायचे, त्याच्यावर आधी विश्वास ठेवायचा नाही.

ही तिहेरी बांधणी ‘डिसेबल बूटस्ट्रॅप’ देऊन टाळता येते आणि वेळ बराच वाचतो. माझे मत विचाराल तर आठही यंत्रांवर बांधत बसू नका. एकाच यंत्रावर पूर्ण तिहेरी बांधणी करा आणि तयार फोल्डर बाकीच्या सातांवर न्या.

लोंढा_जंक्शन

‘किल्ड’बद्दल. सीसी१प्लस म्हणजे सी प्लस प्लसचा खरा कंपायलर. जी प्लस प्लस ही फक्त त्याला कामाला लावणारी आज्ञा. तो आपोआप मेलेला नाही, कर्नलने त्याला मारले आहे. रॅम आणि स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) दोन्ही भरले की कर्नल सर्वांत जास्त मेमरी अडवून बसलेल्या प्रोग्रामपैकी एकाला मारतो. ‘डीमेसेग’ या आज्ञेत त्याची नोंद सापडेल. सोर्समध्ये चूक नसते, त्यामुळे कोड तपासत बसू नये.

आपण मेकला ‘जे’ या पर्यायात, म्हणजे एकाच वेळी किती कामे चालवायची ते सांगणाऱ्या पर्यायात, किती आकडा दिला होता? जीसीसी १३ मध्ये ‘जिंपल-मॅच’ नावाची एक फाइल आहे, जी बांधणी चालू असतानाच तयार होते आणि प्रचंड मोठी असते. अशा दोन फाइली एकाच वेळी कंपाइल होत असतील, वर ब्राउझर उघडा असेल आणि डेस्कटॉप चालू असेल, तर ४ जीबीत ते बसत नाही. आधी ४ जीबीची स्वॅप फाइल करा: डीडीने फाइल तयार करायची, तिच्या परवानग्या फक्त रूटपुरत्या ठेवायच्या, मेकस्वॅप आणि मग स्वॅपऑन. नंतर ग्राफिकल सत्रातून बाहेर पडून साध्या कन्सोलवर लॉगिन करा आणि ‘जे’ दोन द्या. तरीही मेले तर ‘जे’ एक. वेळ लागेल, पण काम पूर्ण होईल.

एक हळूच सांगतो. मी पहिल्यांदा ‘जे’ दोन दिले तेव्हा मेक म्हणाले की या पर्यायाला धन पूर्णांक हवा. अर्धा तास डोके खाजवल्यावर लक्षात आले की कीबोर्ड मराठीवरच राहिला होता आणि मी देवनागरी दोन टंकला होता. आपल्याकडे एकाच यंत्रावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड असतात, तेव्हा टर्मिनल उघडण्याआधी कोपऱ्यातले चिन्ह पाहून घ्यावे.

शंकाखोर

सर्वांचा आदर राखून विचारतो: हा सगळा खटाटोप कशासाठी? तयार पॅकेज आहेत, कंटेनर (यंत्रातच चालणारी वेगळी, बंदिस्त व्यवस्था) आहेत. विद्यार्थ्यांना सी प्लस प्लस शिकायचे आहे, कंपायलरची पोटदुखी नव्हे.

उद्यमबागकर

प्रश्न रास्त आहे. विश्वासू ठिकाणाहून आपल्या उबुंटूसाठी बांधलेले पॅकेज मिळत असेल तर आधी तेच घ्यावे, असे मीही म्हणतो. परंतु आपली यंत्रे ज्या आवृत्तीवर अडकली आहेत तिचा सर्वसामान्य पाठिंबा २०२३ मध्ये संपला; अशा आवृत्तीसाठी नवे पॅकेज शोधत बसण्यापेक्षा एक रात्र बांधणीला देणे बरे. कंटेनरचा मार्ग चुकीचा नाही, पण ज्या मुलाने अजून पाथ म्हणजे काय हे पाहिलेले नाही, त्याला कंटेनरच्या आत बसवून सी प्लस प्लस शिकवणे मला पटत नाही. हा झाला माझा हट्ट. तो सर्वांनी मानावा असे नाही.

शंकाखोर

ठीक आहे. पण ‘सोर्सपासून बांधले म्हणजे सुरक्षित’ असा जो समज आपल्याकडे पसरला आहे, त्याला तरी आक्षेप घेऊ द्या. मार्च २०२४ मधले एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाचे प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा घातला गेला होता, आणि त्याला जागे करणारी ओळ गिटमधल्या, म्हणजे सर्वांना पाहता येणाऱ्या भांडारातल्या, सोर्समध्ये नव्हती. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमधील (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइलमधील) बांधणीच्या एका एम४ फाइलमध्ये होती. म्हणजे जो मनुष्य गिटवर कोड वाचून ‘मी तपासले’ म्हणत होता, तो वेगळीच वस्तू वाचत होता, आणि कॉन्फिगर व मेक चालवणारा वेगळीच वस्तू बांधत होता. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएचने लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले नसते, तर ते किती दिवस चालले असते कोण जाणे.

उद्यमबागकर

या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत आहे. टारबॉल आणि गिट यांत मुळात फरक असतोच, आणि तो बहुधा निरुपद्रवी असतो: गिटमध्ये ‘कॉन्फिगर डॉट एसी’ हा लहान मसुदा असतो, त्यातून ऑटोकॉन्फने हजारो ओळींची कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून ती टारबॉलमध्ये घातली जाते, म्हणजे वापरणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ नसले तरी चालते. ती हजारो ओळींची स्क्रिप्ट कोणी वाचत नाही. नेमकी तेथेच लपायला जागा मिळाली.

तिहेरी बांधणीही यावर उपाय नाही. युनिक्सचे एक कर्ते केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले होते की कंपायलरच्या बायनरीत असा कावा घालता येतो, जो कंपायलर स्वतःला पुन्हा बांधताना नव्या बायनरीतही उतरतो आणि सोर्समध्ये मात्र कोठेच दिसत नाही. दुसरा आणि तिसरा टप्पा अशा वेळीही जुळतील. माझी प्लेटांची उपमा येथे संपते.

म्हणून निदान एवढे करावे: टारबॉल जीएनयूच्या अधिकृत सर्व्हरवरून किंवा त्याच्या मिररवरून घ्यावा, सोबतची सही असलेली फाइल जीपीजीने तपासावी. मिररमध्ये कोणी फेरफार केला असेल तर सही जुळणार नाही. सही करणाराच फितूर असेल तर सहीचा उपयोग नाही. एक्सझेडमध्ये नेमके तेच घडले.

वडगाव_माग

वीज गेल्यावर काय झाले याकडे कोणी वळलेच नाही, म्हणून मी लिहिते. आमच्या घरी चार यंत्रमाग आहेत. वीज गेली की धोटा जेथे असेल तेथे थांबतो, आणि वीज आली की धागा पाहून पुढे विणता येते. मेकचे तसे नाही, कारण ते धागा पाहतच नाही, फक्त घड्याळ पाहते.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिले तेव्हापासून त्याचा मूळ नियम एकच आहे: तयार फाइल तिच्या सोर्सपेक्षा नवी असेल तर ती पुन्हा करायची नाही. तुम्ही कंट्रोल-सी दाबून मेक थांबवले तर ते अर्धवट फाइल स्वतः पुसून जाते. वीज गेल्यावर मात्र त्याला पुसायला वेळच मिळत नाही. शिवाय फाइलपद्धतीने डेटा काही सेकंद मेमरीतच राखून ठेवलेला असतो, त्यामुळे पुन्हा यंत्र सुरू केले की डिस्कवर फाइलचे नाव आणि वेळ दिसते, आत मात्र शून्य बाइट किंवा अपुरा मजकूर. मेकला ती फाइल सोर्सपेक्षा नवी दिसते, म्हणून ते तिला हात लावत नाही आणि पुढे लिंकर अडखळतो. तुमचा ‘अपुरी फाइल’ हा संदेश त्यातलाच आहे.

उपाय दोन. बिल्ड फोल्डरात ‘फाइंड’ आज्ञेने शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट आणि आर्काइव्ह फाइली शोधून पुसायच्या, तसेच वीज जाण्याआधीच्या दहा मिनिटांत बदललेल्या फाइलीही पुसायच्या, आणि मेक पुन्हा चालवायचे. मी दोनदा असे करून बांधणी पुढे नेली आहे. परंतु जीसीसीसारख्या ठिकाणी, जेथे बांधणीत तयार झालेली हेडर फाइलही अपुरी राहिलेली असू शकते, मी बिल्ड फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करीन. तुमचा सोर्स वेगळ्या फोल्डरात असेल तर त्यात फार नुकसान नाही.

दुसऱ्यांदा सुरुवात करण्यापूर्वी सीकॅश बसवा. प्रत्येक कंपाइलचा निकाल ते साठवून ठेवते आणि तीच फाइल तशीच पुन्हा आली तर साठ्यातून देते. जीसीसीच्या पहिल्या टप्प्याला त्याचा उपयोग होतो, पुढच्या दोन टप्प्यांत कंपायलरच नवा असल्याने फारसा होत नाही. एलएलव्हीएमसारखे सीमेकवर बांधले जाणारे मोठे प्रकल्प असतील तर मात्र वीज गेल्याचे दुःख बरेच हलके होते.

आणि सर, जुन्या यंत्रांची घड्याळे पाहा. मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असेल तर वीज जाऊन आल्यावर यंत्र काही वर्षे मागे जाते. मग कालच्या फाइली भविष्यातल्या ठरतात आणि मेक ‘क्लॉक स्क्यू’ अशी सूचना देऊन सांगते की बांधणी अपुरी असू शकते. ती सूचना आहे, चूक नाही, म्हणून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात, करू नये.

खानापूर_लॅब

ताई, आपण म्हणता ते तंतोतंत खरे ठरले. आठांपैकी तीन यंत्रांची तारीख चुकीची निघाली, आणि मी बांधणी करत होतो ते यंत्र त्यांपैकीच एक होते. कॅम्पातल्या दुकानातून नाण्याच्या आकाराच्या तीन बॅटऱ्या आणल्या. आज रात्री इन्व्हर्टर असलेल्या कार्यालयातील यंत्रावर, त्याच आवृत्तीची उबुंटू असल्याने, पुन्हा सुरुवात करतो.

निपाणी_शिकाऊ

मध्येच विचारल्याबद्दल क्षमा असावी, विषय जवळचा आहे म्हणून विचारतो. मी पायथन ३.१२ सोर्सपासून बांधले. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, सगळे कोणत्याही चुकीशिवाय झाले. परंतु पायथनची पॅकेज आणणारे पिप काहीच उतरवत नाही. एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही असे सांगते. यंत्रावर ओपनएसएसएल तर आहे, मी आवृत्ती विचारून पाहिली.

वडगाव_माग

ओपनएसएसएल आहे, पण त्याचे हेडर नाहीत. चालवण्यासाठी लागणारी लायब्ररी एका पॅकेजमध्ये असते, आणि तिच्या आधारे दुसरे काही बांधण्यासाठी लागणारी हेडर वेगळ्या पॅकेजमध्ये; उबुंटू आणि डेबियनमध्ये त्याच्या नावाला शेवटी ‘डेव्ह’ असते, फेडोरात ‘डेव्हल’. पायथनची बांधणी अशा लायब्रऱ्या न सापडल्यास थांबत नाही; ती मॉड्यूल सोडून पुढे जाते आणि मेकच्या अगदी शेवटी, कोणी वाचत नाही अशा ठिकाणी, कोणती ऐच्छिक मॉड्यूल बांधता आली नाहीत त्याची यादी देते. एसएसएल, एफएफआय, झेडलिब, बीझेड२, एसक्यूलाइट आणि रीडलाइन यांची ‘डेव्ह’ पॅकेज बसवा, कॉन्फिगर नव्याने चालवा आणि ती यादी रिकामी येईपर्यंत पुढे जाऊ नका.

आणि दादा, तुम्ही मेक इन्स्टॉल केले म्हणता, तेव्हा प्रीफिक्स काय दिला होता? पायथनसाठी ‘मेक आल्टइन्स्टॉल’ वापरायचे असते, ते ‘पायथन३.१२’ या पूर्ण नावाने बसते आणि ‘पायथन३’ हे नाव बळकावत नाही. यूएसआर बिनमधल्या पायथन३ ला तर कधीच हात लावू नका. उबुंटूची कितीतरी स्वतःची साधने त्यावर चालतात. ते बदलून बसलेल्यांचे टर्मिनलसुद्धा उघडेनासे होते.

निपाणी_शिकाऊ

प्रीफिक्स दिला नव्हता. यूएसआर लोकलमध्ये गेले आहे. टर्मिनल अजून उघडते आहे. आल्टइन्स्टॉल करून घेतो.

लोंढा_जंक्शन

कॉन्फिगर काय शोधत होते आणि ते का सापडले नाही, हे पाहायचे असेल तर पडद्यावरच्या ओळींत अडकू नका. त्याच फोल्डरात ‘कॉन्फिग डॉट लॉग’ असते. कॉन्फिगर प्रत्येक गोष्टीसाठी एक छोटा सी प्रोग्राम लिहून कंपाइल करून पाहते. तो प्रोग्राम आणि कंपायलरने दिलेली खरी चूक, दोन्ही त्या फाइलमध्ये असतात. शेवटच्या बऱ्याच ओळी चलांच्या यादीच्या असतात, त्या ओलांडून वर जावे लागते. तसेच मेकची चूक येथे चिकटवताना एलसी ऑल या चलाला ‘सी’ किंमत देऊन आज्ञा चालवावी, म्हणजे संदेश इंग्रजीत येतील आणि दुसरीकडे कोणाला तीच अडचण आली होती का हे शोधणे सोपे जाईल. ‘जे’ दोन किंवा अधिक दिलेले असेल तर खरी चूक शेवटच्या ओळीत नसते, कारण दुसरे काम तोवर पुढे चाललेले असते. पडद्यावरचा मजकूर ‘टी’ आज्ञेने फाइलमध्ये घेऊन त्यात ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कोठे आला ते पाहावे.

खानापूर_लॅब

कळविण्यास आनंद होतो की रात्रभर चालून सकाळी बांधणी पूर्ण झाली. दुसरा आणि तिसरा टप्पा जुळला. स्थापना ऑप्टमध्ये झाली, जी प्लस प्लस-१३ आपली आवृत्ती बरोबर सांगतो, आणि नुसत्या जीसीसीला अजून जुना सातच येतो.

पण एक नवी अडचण आली आहे. मॅडमचा नमुना प्रोग्राम कंपाइल होतो, चालवताना मात्र जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३२ ही आवृत्ती सापडत नाही असे म्हणून बंद पडतो. कंपायलर नवा असूनही लायब्ररी जुनीच का घेतो?

उद्यमबागकर

कारण कंपायलर आणि लोडर हे दोन वेगळे गडी आहेत. प्रोग्राम बांधताना नव्या जी प्लस प्लसने ऑप्टमधील आपली सी प्लस प्लस लायब्ररी वापरली. चालवताना लोडरला ऑप्टची काही कल्पना नाही. तो नेहमीच्या ठिकाणी जातो आणि तेथे त्याला जीसीसी ७ च्या काळातली लायब्ररी मिळते, जिच्यात नवी चिन्हे नाहीत.

लोडरला सांगण्याचे तीन मार्ग आहेत. एलडी लायब्ररी पाथ हे चल सर्वांच्या प्रोफाइलमध्ये घालणे हा सर्वांत प्रचलित आणि मला सर्वांत न आवडणारा मार्ग, कारण त्या चलाचा परिणाम त्या खात्यातून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामवर होतो. दुसरा, बांधताना ‘स्टॅटिक’ पर्यायाने सी प्लस प्लसची लायब्ररी प्रोग्रामच्या पोटातच घालणे. मुलांच्या छोट्या प्रोग्रामांना हे चालते. तिसरा, लिंकरला आर-पाथ म्हणून ऑप्टमधील जीसीसी-१३ च्या ‘लिब६४’ फोल्डरचा पत्ता देणे. तो पत्ता त्या एका प्रोग्राममध्ये कोरला जातो आणि बाकी कोणावर परिणाम होत नाही. प्रयोगशाळेसाठी मी एक छोटा मेकफाइल करून त्यात हा आर-पाथ एकदाच लिहून ठेवीन. त्यातील आज्ञांच्या ओळी टॅबने सुरू करा, मोकळ्या जागांनी नव्हे. कोणता प्रोग्राम कोणती लायब्ररी उचलतो हे ‘एलडीडी’ दाखवते.

सिस्टमच्या लायब्ररीवर नवी फाइल आणून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

शंकाखोर

हे मान्य. आता कार्यालयातल्या यंत्रावरून प्रयोगशाळेतल्या आठांवर कसे नेणार?

खानापूर_लॅब

ऑप्टमधील जीसीसी-१३ चा टार करून आठापैकी दोन यंत्रांवर आज नेला. उबुंटूची आवृत्ती तीच, फोल्डरचा पत्ता तोच, त्यामुळे सोडवल्यावर लगेच चालला. एका यंत्रावर मात्र ‘एएस’ सापडत नाही असे आले. उद्यमबागकर दादांनी फोन करायला लावला नाही, मीच शोधले: जीसीसी स्वतः असेंब्लर आणि लिंकर आणत नाही, ते बिनयूटिल्समधून येतात, आणि सी लायब्ररीचे हेडरही वेगळे. त्या यंत्रावर बिल्ड इसेन्शियल हे पॅकेजच नव्हते.

या वेळी टार डिस्कवरच केला आणि पेन ड्राइव्हवर ती एकच फाइल नेली, सोडवली पलीकडच्या डिस्कवर. उरलेल्या सहांपैकी दोन यंत्रांना नवी बॅटरी घालायची आहे, ती घालून मग सोमवारी त्यांच्यावर नेतो.